आजारी, एक्केचाळीस दिवस

“बाई, तुमच्या वडिलांना मलेरिया झाला होता,” माजी सैनिकांच्या कार्यालयात खिडकीपलीकडचे साहेब म्हणाले.

“मलेरियानं बोटं गळतात का?” मी विचारलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला नीट पाहून घेतलं. अंगावर खाकी होती. ड्यूटी संपवून डेपोतून तशीच आले होते. एसटीत कंडक्टर म्हणून बारा वर्षं काढलेल्या बाईला ‘पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य पचत नाही. आम्ही दिवसाला पाचशे माणसांचा निकाल उभ्या उभ्या लावतो.

“हे तुम्हीच बघा,” म्हणत त्यांनी आबांचं फौजेतून सुटतानाचं डिस्चार्ज बुक माझ्याकडे फिरवलं. पानं पिवळी पडलेली, टाइप केलेली अक्षरं तपकिरी झालेली. “डिसेंबर एकाहत्तर. आजारी, मलेरिया, लष्करी इस्पितळात एक्केचाळीस दिवस. जखमेचा कुठं उल्लेखच नाही. लढाईत जखमी झालेल्याला एक पदक मिळतं, त्याची नोंद या पानावर हवी. ती नाही. फौजेत जे कागदावर नाही, ते घडलेलंच नसतं.”

“आणि घडलेलं कागदावर आणायचं असेल तर?”

माणूस चांगला होता. स्वतःही हवालदार म्हणून निवृत्त झालेला. त्याने मला बसायला सांगितलं, मी बसले नाही. मग तोही उभा राहिला आणि बोटांवर मोजून सांगू लागला. आबांच्या सहीचा अर्ज हवा. त्या वेळी युनिटमध्ये असलेल्या आणि प्रत्यक्ष माहिती असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र हवं. मग सगळं रेकॉर्ड ऑफिसला जाणार आणि तिथे जुनी रजिस्टरं उघडणार.

“सोळा डिसेंबरच्या आत होईल?”

“कुठल्या सालच्या?” तो म्हणाला, आणि मी डिस्चार्ज बुक पिशवीत कोंबून बाहेर पडले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण ते दोन महिने आठवले की अजूनही माझा पाय जागेवर ठरत नाही.

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. एकाहत्तरच्या लढाईला चाळीस वर्षं होत होती, म्हणून माजी सैनिकांनी वर्गणी काढून शाळेपुढे काळ्या दगडाची फरशी उभी करायचं ठरवलं. तीत नावं तीन रांगांत कोरायची होती. पहिली रांग हुतात्म्यांची, दुसरी जखमींची, तिसरी नुसतं ‘सहभागी’ असलेल्यांची. अनावरण सोळा डिसेंबरला. यादी होती सुभेदार बर्ग्यांकडे. ते संघटनेचे अध्यक्ष, सरळ आणि कडक माणूस.

“विजये, तुझ्या आबांचं नाव मी तिसऱ्या रांगेत घातलंय,” ते मला म्हणाले होते. “कागद आण, दुसऱ्या रांगेत घेतो. दगडावर ऐकीव गोष्टी कोरता येत न्हाईत.”

“आबांचा हात ऐकीव आहे का, सुभेदारकाका?”

सुभेदारांनी मान खाली घातली. त्यांच्या मनात काय होतं, ते मला ठाऊक होतं. सगळ्या गावाच्या मनात तेच होतं.

आबांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. ती कशी गेली असं कुणी विचारलं तर आबा म्हणायचे, “ट्रकच्या फाळक्यात सापडली.” पण त्या वेळी त्याच इस्पितळात आमच्या गावचा आणखी एक जण होता. त्याने पट्टी बदलताना पाहिलं होतं आणि सुट्टीवर येऊन सांगितलं होतं, फाळका कसला, गोळीची जखम आहे. मग गावाने हिशेब जुळवला. गोळी लागली तर लपवायचं कशाला? डावाच हात का? पदक का नाही? केरबा शेडग्याने, म्हणजे आमच्या आबांनी, भिऊन, लढाईतून सुटायला मुद्दाम हात पुढे केला आणि गोळी घेतली, असं गावाने ठरवून टाकलं. कुणी तोंडावर बोललं नाही. मला ते पहिल्यांदा कळलं चौथीत असताना. खो-खोत मी एका पोरीला बाद केलं, तर ती म्हणाली, “तुझा बा पळपुटा.” मी तिच्या झिंज्या उपटल्या आणि घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. पण ते वाक्य माझ्याबरोबर मोठं झालं. मला वाटतं, माझी बसायची सवय तेव्हाच मोडली.

आणि आता ते दगडावर जाणार होतं. तिसरी रांग. माझ्या पोरांनी, त्यांच्या पोरांनी शाळेत जाता-येता वाचायचं.

त्या खिडकीवरून परतले त्याच संध्याकाळी मी माहेरी गेले. आबा तेव्हा गावच्या नळपाण्याचं काम बघायचे. वरच्या आळीला सकाळी आणि खालच्या आळीला संध्याकाळी पाणी सोडायचं. फौजेतून आल्यावर तीस वर्षं त्यांनी ते केलं आणि एक दिवस चुकवला नाही. टाकीशेजारच्या खड्ड्यात उतरून ते लोखंडी चावी फिरवत होते, डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी.

“आबा, इथं सही करा,” मी अर्ज पुढे धरला.

“कसली?”

“तुमचं पदक मागायचंय. बोटांचं.”

त्यांनी चावी काढली, खड्ड्यातून वर आले, गुडघे झाडले. “फाळक्यात सापडली बोटं. सतरांदा सांगितलंय.”

“पुस्तकात मलेरिया लिहिलाय.”

त्यांनी चावीवरचा चिखल पुसला. मग म्हणाले, “तर मलेरिया. सरकार खोटं लिहिणार हाय व्हय?”

माझं डोकं फिरलं. जे तीस वर्षं गिळलं होतं ते बाहेर आलं. “गाव म्हणतं ते खरं आहे का, आबा? तुम्ही भ्यालात का तेव्हा?”

मुलीने बापाला असं विचारू नये. पण मी विचारलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी चावी खांद्यावर टाकली आणि शांतपणे म्हणाले, “तुझ्या आईला इचार. तिला ठावं हाय मी कसला माणूस हाय.”

मी तडक घरी आले. आई वरीचे तांदूळ निवडत होती. तो शनिवार होता आणि आईचा शनिवारचा उपास माझ्या आठवणीत कधी चुकला नाही. आबा तिला चिडवायचे, “मारुतीला काय मागतीस एवढं? म्हातारा झालो आता, पळून जात न्हाई.” ती हसायची नाही, नुसती ताट पुसत राहायची.

“आई, आबांच्या बोटांचं खरं काय?”

तिचा हात सुपात थांबला. “जुनं उकरू नगंस, इजे.”

“म्हणजे तुला माहीत आहे.”

“मला कायबी म्हाईत न्हाई. आन तूबी काय म्हाईत करून घिऊ नगंस.” ती सूप उचलून आत गेली.

आई तोंड फिरवून गेली. म्हणजे गाव बरोबर होतं की काय? शहाण्या बाईने तिथेच थांबायला हवं होतं. पण मला अर्धवट सोडता येत नाही. एकदा गाडी डेपोबाहेर काढली की शेवटच्या स्टॉपपर्यंत न्यावीच लागते, रिकामी असली तरी.

साक्ष देणाऱ्याचा पत्ता मला पिठाच्या गिरणीत मिळाला. हे जरा सांगायला हवं. आमच्या घरी पोस्टमन येत नसे. माझ्या जन्माआधीपासूनचा हा रिवाज होता. शेडग्यांचं टपाल गिरणीत पडायचं आणि आबा ते तिथून आणायचे. माझे थोरले चुलते, तात्या, आमच्यातच राहायचे. त्यांची बायको माझ्या जन्माआधीच गेलेली, मूल नव्हतं. वाटेवर पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की तात्या मागच्या दाराने शेताकडे निघून जायचे. लहानपणी मला वाटायचं, काहींना मांजर सोसत नाही तशी तात्यांना घंटा सोसत नाही. ते गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यांच्यामागेही टपाल गिरणीतच पडत राहिलं.

त्या टपालात दर दिवाळीला एक कार्ड असायचं, सुंदर वळणदार अक्षरातलं. खाली नाव ज्ञानदेव भोईटे, निवृत्त हवालदार क्लार्क, आबांचंच युनिट, आणि फलटणकडच्या एका वाडीचा पत्ता. त्या वर्षीचं कार्ड अजून गिरणीतच पडलं होतं. क्लार्क म्हणजे कागद लिहिणारा माणूस. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

भोईटे ओसरीवर खुर्चीत बसले होते. पंचाहत्तरी ओलांडलेला, ताठ, दाढी घोटलेला म्हातारा. शेजारी स्टुलावर फडक्याखाली टाइपरायटर होता. मी माझं नाव सांगितलं.

“केरबाची विजया,” ते म्हणाले आणि उठून उभे राहिले. माझ्यासाठी असं कुणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही. “केरबानं पाठवलं?”

“नाही. त्यांना माहीतही नाही मी आलेय.”

“मग मला काही सांगता येणार नाही, बाळ. शब्द आहे.”

“कुणाचा कुणाला?”

“दोघांचा एकमेकांना.”

मी पिशवीतून डिस्चार्ज बुक काढलं, ते पान उघडलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. “काका, सोळा तारखेला गावात दगड उभा राहतोय. माझ्या बापाला गाव पळपुटा म्हणतं. मी शाळेत ऐकलंय, बसमध्ये ऐकलंय. काल मी स्वतः त्यांना तोंडावर विचारून आले. हे खरं असलं तरी सांगा. पण सांगा.”

त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. “हा इंग्रजी ‘एम’ बघ,” ते म्हणाले. “मलेरियाचा. थोडा वर उडालाय. आमच्या युनिटच्या मशीनची ती खोड होती. ही ओळ मी टाइप केलीय.”

मग त्यांनी पुस्तक मिटून स्टुलावर ठेवलं. मी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारल्या.

“बस,” ते म्हणाले.

“मला बसवत नाही.”

“मग उभी राहून ऐक. केरबाला गोळी लागली ती दुश्मनाची. मशीनगनच्या खड्ड्यात गनर पडला होता, त्याला ओढून आणताना. पाच माणसांनी पाहिलं. त्यातलं आज कुणी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या तंबूत आला. हाताला पट्टी, पट्टी लाल झालेली. बाहेर इस्पितळाची गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी जखमींची यादी टाइप करत होतो. ती यादी मागं जायची आणि तिथून प्रत्येकाच्या घरी तार सुटायची. केरबा म्हणाला, ‘क्लार्कसाब, माझं नाव यादीत घालू नका.’ मी म्हटलं, खुळा का काय तू? म्हणाला, ‘घरी तार जाईल.’ मी म्हटलं, जाऊ दे की. किरकोळ जखमी, प्रकृती ठीक, असंच लिहितात. तर म्हणाला, ‘आमच्या घरात तार वाचत न्हाईत, साब. तार आली म्हंजी माणूस गेलं.’”

“म्हणजे?”

“तुला तुझ्या थोरल्या चुलतीचं काही माहीत नाही?”

“बाळंतपणात गेली, एवढंच.”

“पासष्टच्या लढाईत तुझ्या तात्याला मांडीत गोळी लागली. तार आली. तार इंग्रजीत. पोस्टमन दारात उभा, घरात वाचणारं कुणी नाही. मास्तरांना बोलवायला माणूस पळाला. चुलती उंबऱ्यात उभी होती, आठवा महिना. मास्तर शेतावर होते, यायला वेळ लागला. तोवर तिनं काय समजायचं ते समजून घेतलं. तिथंच पडली. तिसऱ्या दिवशी गेली, पोटातलंही गेलं. मास्तरांनी तार वाचली तेव्हा तीत काय होतं? किरकोळ जखमी. प्रकृती ठीक.”

सायकलची घंटा, मागचं दार, गिरणीतलं टपाल. सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे आलं. तात्या जिवंत परतले होते आणि घरात त्यांचं कुणी उरलं नव्हतं.

“केरबा म्हणाला,” भोईटे पुढे बोलू लागले, “‘साब, माझी बायको सात महिन्यांची हाय.’”

मी दिवसभर माणसं मोजणारी बाई. पण ते महिने मोजायला मला वेळ लागला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. माझा जन्म फेब्रुवारीच्या दहा तारखेचा. त्या वर्षी लढाई जिंकली म्हणून गावात तीन मुलींची नावं विजया ठेवली, त्यातली मी एक.

मी ओसरीच्या पायरीवर बसले.

“दोन ओळींचं काम होतं,” भोईटे म्हणाले. “यादीतून नाव वगळलं आणि रोजच्या हुकमात लिहिलं, आजारी, मलेरिया. मलेरियाची तार जात नाही. फाळक्याची थाप मीच त्याला शिकवली. तेव्हा हे पदक नव्हतंच गं. लढाई संपल्यावर सरकारनं काढलं. मी केरबाला पत्र लिहिलं, नोंद दुरुस्त करू का? त्यानं कळवलं, तुमच्या फिती उतरवतील, तुमची पेन्शन जाईल, राहू द्या. तेव्हा माझी तीन पोरं शाळेत होती. मी राहू दिलं. दर दिवाळीला कार्ड टाकतो ते शुभेच्छांचं नाही. कधीतरी त्याचं मन बदललं तर कळवील, म्हणून टाकतो.”

ते उठले, टाइपरायटरवरचं फडकं काढलं आणि कागद चढवला. मग थांबले. “पण आधी त्यानं मला शब्दातून सोडवायला हवं. चल, मी येतो.”

“आत्ता?”

“चाळीस वर्षांनी सुद्धा आत्ता नको?”

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. आबा पाणी सोडायला निघायच्या तयारीत दारात उभे होते. भोईट्यांना पाहून त्यांच्या टाचा आपोआप जुळल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

“साब, हिनं तुमाला तरास दिला.”

“केरबा, मी शब्द सोडवून घ्यायला आलोय. मला लिहून देऊ दे.”

“कशापायी? तुमची पेन्शन—”

“कापतील तर कापू देत. पोरं आता मला पोसण्याइतकी मोठी झालीत. पोसत नाहीत ती गोष्ट वेगळी.”

आबा हसले नाहीत. चावी भिंतीला टेकवून ओट्यावर बसले. “दगडासाठी करताय हे? दगड बसू दे न्हाईतर नको. गावाचं तोंड म्हंजी तुटका नळ, त्येला चावीच न्हाई. मला गावाचं कायबी वाटत न्हाई, साब. चाळीस वर्सं मी ताठ मानेनं चाललो, का? तर माझ्या घरात ठावं हाय मी काय केलं न्हाई ते. फाळका का गोळी, ते मी हिला बोललो न्हाई. पन हिला मी ठावं हाय.” त्यांनी आईकडे पाहिलं. “व्हय न्हवं?”

आई चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. कप बशीवर वाजत होते. मी उठून ट्रे तिच्या हातातून घेतला.

“व्हय न्हवं?” आबांनी पुन्हा विचारलं.

“मला कोण सांगनार?” आई हळू म्हणाली. “तुमी म्हनला फाळका. गाव म्हनलं गोळी. मी म्हटलं, खोटं बोलत्यात म्हंजी कायतरी झाकत्यात.”

“आन तू काय समजलीस?”

आईने पदर ओठांवर धरला. “माझे दिवस भरत आल्यालं. थोरल्या जाऊबाईंचं तुमी डोळ्यानं बघितल्यालं. मी म्हटलं, माझ्यासाठी भ्यालं असंल मानूस. घरी याया मिळावं म्हून केलं असंल. मी नावं न्हाई ठिवली तुमाला. कुनाफुडं बोलले न्हाई. तुमची लाज ती माझी, म्हून झाकली.”

आबा ओट्यावरून उठले. “आन शनिवार?”

“त्येच्यासाठीच,” आई म्हणाली. “माफी व्हावी म्हून.”

मग भोईट्यांनी तिला सगळं सांगितलं. तंबू, यादी, तार, सात महिने. मला सांगितलं होतं त्याच शब्दांत, पण आता मध्येमध्ये अडखळत. आई ऐकता ऐकता खाली बसली आणि तिने माझा हात धरला. चाळीस वर्षं तिने एका निर्दोष माणसासाठी माफी मागितली होती. आणि तो माणूस रोज तिच्याच हातची भाकरी खाऊन म्हणत होता, माझ्या घरात ठाऊक आहे. मला दोघांचाही राग आला आणि दोघांसाठीही रडू आलं. एका शब्दाचं काम होतं. आमच्या घरात एकमेकांचा जीव जपण्यासाठी माणसं गप्प राहतात आणि गप्प राहून जीव घेतात.

भोईट्यांचं सांगून झालं. आबांनी चावी उचलली. “खालच्या आळीला पाणी सोडायचंय,” म्हणाले आणि निघून गेले.

आम्ही तिघं तसेच बसलो. चहावर साय धरली. तासाभराने ते परत आले. तोंड धुऊन, टोपी घालून आले होते. ओट्यावर बसले आणि डावा हात गुडघ्यावर उघडा ठेवला. एरवी तो हात ते खिशात ठेवायचे.

“इजे,” ते म्हणाले, “कुठं सही करायची?”

सोळा डिसेंबरला दगड उभा राहिला. आबांचं नाव तिसऱ्या रांगेतच होतं. कागद तोवर तालुक्याच्याही बाहेर पडले नव्हते. आबा स्वच्छ कपडे घालून कार्यक्रमाला गेले, टाळ्या वाजवल्या, पेढा खाल्ला. मीच मागे उभी राहून दात-ओठ खात होते. भोईट्यांच्या प्रतिज्ञापत्रानंतर रेकॉर्ड ऑफिसकडून दोन वेळा प्रश्न आले, त्यांनी दोन्हींची उत्तरं टाइप करून पाठवली. मी महिन्याला एकदा त्या खिडकीपाशी जायची. साहेब मला लांबून पाहूनच मान हलवायचे. अखेर कुठल्याशा इस्पितळाच्या जुन्या रजिस्टरात नोंद निघाली. डावा हात, गोळी, दोन बोटं. भोईट्यांची पेन्शन कुणी कापली नाही.

पाकीट आलं तेव्हा पुढच्या वर्षीचा पावसाळा संपून दुसरा सुरू झाला होता. देशातल्या तारा कायमच्या बंद होऊन महिना झाला होता. मी सुट्टीवर माहेरी होते. वाटेवर सायकलची घंटा वाजली. पोस्टमन नवा होता, त्याला गिरणीचा रिवाज ठाऊक नव्हता. तो सरळ आमच्या दारात आला. मी पुढे व्हायला गेले तर आईने मला हाताने मागे सारलं. ती उंबऱ्यात जाऊन उभी राहिली, कागदावर अंगठा दिला आणि ते जाड सरकारी पाकीट दोन्ही हातांत घेतलं. मग चपला घालून ती टाकीकडे चालू लागली. मी तिच्यामागे.

आबा खड्ड्यात उतरून चावी फिरवत होते.

“अवो,” आई वरून म्हणाली, “तुमची तार आली.”

आबांनी वर पाहिलं. पाकिटाकडे नाही, तिच्याकडे. चावी तशीच सोडून ते वर आले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

आईने पाकीट माझ्याकडे दिलं. मी ते फोडलं. आत एक डबी होती आणि एक पत्र, इंग्रजीत. मी वाचायला सुरुवात केली तर आईने मला थांबवलं.

“ते ऱ्हाऊ दे मागनं. आधी येवढंच सांग, मानूस बरा हाय न्हवं?”

मी आबांकडे पाहिलं. “बरा आहे,” मी म्हणाले. “दोन बोटं गेलीत.”

“जाऊ देत,” आई म्हणाली. “मानूस आला म्हंजी झालं.”

आबांनी तोंड फिरवलं आणि पुन्हा खड्ड्यात उतरले, कारण पाणी अर्ध्या आळीलाच गेलं होतं. ते संपेपर्यंत आम्ही दोघी वर उभ्या राहिलो. मग तिघंही घरी आलो. तो शनिवार होता. आईने तीन ताटं वाढली आणि आमच्याबरोबर जेवायला बसली.